कावळ्यासमोर दिलेला शब्द

विजयदुर्ग,
रविवार, ता. २ नोव्हेंबर १९५८

चि. शिमशोन यास,
दाऊदकाकाचा शालोम.

तार तुला पोचली असेल. तारेत मावेल तेवढंच लिहिलं होतं, की तुझी राहेल गेली. बाकीचं आता सवडीने लिहितो. विषमज्वर होता. देवगडच्या डॉक्टरांनी जेवढं करायचं तेवढं केलं. २३ ऑक्टोबरला, गुरुवारी पहाटे श्वास थांबला आणि दुपारी माती दिली. खाडीपलीकडे सड्याच्या माळावर माझे आईबाप आहेत, त्यांच्या शेजारी. बाबलीने होडी दिली आणि स्वतःच वल्हवलीही.

आपल्यात सांगितलंय तसं सगळं केलं. घरातलं भरलेलं पाणी ओतून टाकलं. आरसा झाकला. तिच्या अंथरुणाच्या जागी दिवा आणि पाण्याचा पेला ठेवून सात दिवस आम्ही जमिनीवर बसलो. काडिशच्या प्रार्थनेला मात्र दहा पुरुष कुठून आणू? तीन कोसांत यहुदी पुरुष मी एकटा, आणि तुझा बन्या, तो चार वर्षांचा. मी आपलं तोंडातल्या तोंडात म्हणून घेतलं.

मुलं ठीक आहेत. बायकामुलांनी कबरीपाशी जाऊ नये ही आपल्या घरची जुनी रीत, म्हणून मलका बन्याला कडेवर घेऊन अंगणातूनच होडीकडे बघत राहिली. दहा वर्षांची पोर, पण टिपूस काढलं नाही. मी तिच्या पोलक्याचा गळा डाव्या अंगाला फाडला, आईसाठी फाडतात तसा, तेव्हा हलली नाही. दुसऱ्या दिवशी अंगणाच्या दगडी गडग्यापलीकडच्या मथुरेने मायेपोटी तो गळा शिवून दिला. मथुरा तुला आठवत असेल, तुमच्या लग्नात तीनशे घावने घालून वर नाचलेली. तिला काय ठाऊक, की आईबापासाठी फाडलेलं आपण धड शिवत नाही. संध्याकाळी बघतो तर मलकाने दातांनी टाका टाका उसवून काढला होता. ओठ फुटला होता तिचा. 

आता माझं मागणं ऐक. मुलांना तुझ्या हातचं पत्र पाठव. माझ्या नावावर नको, त्यांच्या नावावर. मलकाला वाचता येतं. राहेल तुझ्याबरोबर दर्यापार बीरशेबाला आली नाही याचा दोष तू मला देतोस, मला ठाऊक आहे. तो राग वेगळ्या पाकिटात घालून मला पाठव, मी घेईन. पोरांच्या पाकिटात तो घालू नकोस.

तुझा
दाऊदकाका

—

विजयदुर्ग,
ता. २३ नोव्हेंबर १९५८

चि. शिमशोन,
शालोम.

मुंबईची बोट आली की पोस्टमन दिसेपर्यंत मलका पायरीवर असते. विचारत काही नाही. तो पुढे गेला की उठते आणि कामाला लागते.

मुलं ठीक आहेत असंच लिहिणार होतो. पण शिडं शिवण्यात माझा जन्म गेला. कापड कुठे विरलंय ते बोटांना आधी कळतं, डोळ्यांना मागाहून. तसं काहीसं झालंय.

ही पोर फार शहाण्यासारखी वागते रे. बन्याला न्हाऊ घालते, भरवते, त्याची नखं काढते. राहेलचा तुमच्या लग्नातला फोटो आहे ना, तो रोज त्याच्यापुढे धरते. परवा मी ओटीवर दाभणात दोरा ओवत होतो, आतून दोघांचं बोलणं ऐकू आलं.

"ही कोण?"

"आई."

"तुका बघल्यार ती काय म्हणतली?"

"बन्या, केदो झालंस."

"आणि तू काय म्हणतलस?"

"मी इलंय."

"घाबरतलस?"

"नाय."

"पाणी गार लागला तर?"

"तरी नाय."

मला वाटलं, खेळ असेल. मुलं दुःखाचाही खेळ करतात. पण दुसऱ्या दिवशी होडीवाला बाबली शीड ठिगळायला घेऊन आला. जाताना घुटमळला.

"आबा, तुमचा चेडू माका इचारता, खाडी कधी सुकता, पायान पलीकडे जावक येता काय. मी म्हटलंय, मी होडयेन न्हेतंय ना, पायान कित्याक? तर माका म्हणता, तुमच्या होडयेत नाय बसूचा. तुमी माझ्या आवशीक न्हेलास आणि परत हाडलास नाय."

बाबली हसत सांगत होता. हसू चेहऱ्यावर टिकलं नाही.

एक गोष्ट मी तारेत लिहिली नाही आणि पहिल्या पत्रातही गाळली. शेवटचे दिवस राहेल एकसारखी बन्याला मागत होती. डॉक्टरांनी बजावलं होतं, लहान मूल जवळ नको. म्हणून मी त्याला मथुरेकडे ठेवला. मथुरेच्या अंगणात तो रडला की राहेल इकडे उठून बसायची. मलका तिच्या उशाशी असायची. "बन्याक हाड गो, एकदा दाखय," हे तिने मलकालाच सांगितलं, मला सांगायचं सोडून दिलं होतं. दार मी अडवून होतो. डॉक्टर बरोबर होते, मीही बरोबर होतो, आणि ती त्याला न बघता गेली.

पत्र लिही. दोन ओळी लिही, पण मलकाला लिही.

दाऊदकाका

—

विजयदुर्ग,
ता. १४ डिसेंबर १९५८

शिमशोन,

तुझं पत्र मिळालं. माझ्या नावावर आलं. "धक्का बसला, इथे रानात काम चालू आहे, घर मिळालं की मुलांना बोलावून घेईन, त्यांना सांभाळा." मुलांची नावंसुद्धा त्यात नाहीत. मलका समोर उभी होती. मी चष्मा सापडत नाही म्हणालो आणि पत्र कोटाच्या खिशात घातलं. चष्मा माझ्या नाकावर होता. ती बघत होती.

आता जे लिहितो ते बसून वाच.

मथुरा आठवडाभर माझ्याशी डोळा चुकवत होती. शेवटी काल मी गडग्यापाशी तिला गाठली. म्हटलं, काय ते ओक. तिने पदराचं टोक तोंडात धरलं आणि मग धरण फुटावं तशी बोलली. राहेल गेल्याला दहावा दिवस होता, तो शनिवार होता. मी जेवून कलंडलो होतो. हिने आपल्या पद्धतीने राहेलसाठी पान वाढून गडग्यावर ठेवलं. भात, आणि राहेलला आवडायचे म्हणून नारळाच्या रसातले शिरवाळे.

"आबा, तुमच्यात ह्यां नाय, माका म्हायत आसा. पण सोन्यासारखी बाय माझी, तिका उपाशी कशी धाडू? कावळो इलो. माडार बसलो. मान वाकडी करून बघीत ऱ्हवलो, पण खाली काय येयना. मी सांगलंय, राहेल, पोरांची काळजी करू नको गो, मी आसंय. तरी येयना. आबांका बघतंय म्हटलंय. तरी येयना."

"तुला बघायला मी काय पाळण्यात आहे?" मी म्हटलं. ती हसली नाही.

"मगे मलका इली. कित्याक बसलो हो, इचारल्यान. माझ्या तोंडातसून गेला, आवशीची इच्छा ऱ्हवली आसतली, म्हणून शिवणा नाय. तशी ती पानाकडे गेली. वाकली. काय तां पुटपुटली. आणि आबा, मेलो कावळो सरळ खाली इलो, चोचभर भात घेतल्यान आणि गेलो. खाडीपलीकडे गेलो."

मी तिला बोलायला नको ते बोललो. आमच्या मढ्यांना तुझे कावळे कशाला, म्हणालो. ती ऐकून घेत राहिली. तिने पान वाढलं ते प्रेमाने वाढलं, हे कळत होतं, म्हणून मी जास्तच बोललो.

संध्याकाळी मलकाला जवळ घेतली. म्हटलं, "आवशीक काय सांगलंस गो तू?"

"तां आमच्या दोघींतला आसा."

"आपल्यात कावळा नसतो, बाय. आपलं माणूस गेलं की देवाच्या हवाली. ते काही मागत नाही."

"मगे तो शिवलो कित्याक?"

मी सत्तरीला टेकलोय. चार बुकं स्वतःच्या हिमतीवर वाचलीत. आणि दहा वर्षांच्या पोरीसमोर मी नुसता चष्मा पुसत बसलो. ती वाट बघून उठली आणि बन्याचे केस विंचरायला गेली.

तिने काय कबूल केलंय ते ती सांगत नाही, पण तुला कळलं असेल. मलाही कळलंय. राहेलने जे मागितलं आणि मी जे दिलं नाही, ते ही पोर नेऊन देणार आहे. कुठे नेणार, हे मात्र मला कळत नाही. तिची आई तिच्या लेखी सड्यावर आहे की पाण्यात आहे की आणखी कुठे, ते विचारायची माझी छाती होत नाही. विचारलं तर आपण होऊन वाट दाखवल्यासारखं होईल असं वाटतं.

बाबलीला सांगून ठेवलंय. मथुरेलाही. परसातल्या विहिरीवर फळी टाकली.

तू तिला लिही. तिचं तुझ्यावर अजून मन आहे. लिही की तिला दिलेला शब्द माझ्याकडे दे, मी बाप आहे, मी बघतो. असं लिहिलंस तर ती ऐकेल. माझं ऐकत नाही, कारण दार मी अडवलं होतं.

दाऊदकाका

—

विजयदुर्ग,
ता. ४ जानेवारी १९५९

शिमशोन,

दोन्ही मुलं जिवंत आहेत. हे आधी लिहितो.

काल शनिवार, आपला विसाव्याचा वार. शनिवारी मी शिडाला हात लावत नाही, दुपारी जेवून अंग टाकतो, हे या घरात मांजरालाही माहीत आहे. मलकाने तोच दिवस धरला. मला जाग आली ती घर फार शांत होतं म्हणून. बन्याचं पांघरूण नीट घडी करून ठेवलं होतं. खुंटीवरचा त्याचा सणाचा सदरा नव्हता. भिंतीवर फोटो नव्हता.

मी कसा धावलो ते मला आठवत नाही. मथुरा सांगते, एका पायात वहाण होती.

खाडीच्या ज्या फाट्याने राहेलला नेली, तिथे ओहोटीला मधोमध वाळू उघडी पडते. त्या वाळूवर दोघं उभी होती. बन्या तिच्या कडेवर, तेल लावून भांग पाडलेला. अलीकडचं पाणी चालून गेली होती. पलीकडचं खोल होतं, म्हणून थांबली होती. आणि भरती लागली होती. वाळू बघता बघता अर्धी झाली. मी हाका मारल्या. तिने वळून बघितलं, आणि पुन्हा पलीकडच्या पाण्याकडे तोंड करून पदर खोचावा तसा परकर खोचला.

बाबलीने होडी लोटली. मीही चढलो, दुसरं वल्हं मी घेतलं. शनिवार होता, देव माझं काय ते बघून घेईल. होडी वाळूला लागली तोवर पाणी तिच्या मांडीला आलं होतं. बन्या गार पाण्याने थरथरत होता, पण रडत नव्हता. त्याला शिकवलं होतं ना, तरी नाय म्हणायला.

"चढ," मी म्हटलं.

"नाय."

"मलका, चढ गो बाय, पाणी वाढता."

"तुमी माका घराक न्हेतलास."

बाबली तिला ओढायला वाकला तशी ती एक पाऊल मागे सरली. मागे खोल. बाबली जागीच थिजला. माझ्याकडे बघून पुटपुटला, "आबा, हिका धरूक गेलंय तर दोघाय जातली."

तेव्हा मला कळलं की मला काय विचारायचं होतं. तिथेच, होडीतून वाकून विचारलं. "आई खंय आसा, मलका?"

तिने हात करून दाखवला. पाण्याकडे नाही. पलीकडे, सड्याकडे. मी जिथे तिला यायला बंदी केली होती, तिथे.

शिमशोन, सगळं एवढंच होतं. पोरीला आईच्या कबरीवर भावाला न्यायचं होतं. आपल्या घरची रीत, बायकामुलांनी जाऊ नये. मी ती रीत पाळली, तिला एका शब्दाने विचारलं नाही, आणि तीन आठवडे विहिरीवर फळ्या टाकत बसलो.

मी बाबलीला म्हटलं, "होडयेचा तोंड पलीकडे कर." त्याने केलं. तसा तिने बन्याला आधी वर दिला, मग स्वतः चढली. बाबलीकडे बघून म्हणाली, "परत हाडतलास ना?"

"हाडतंय गे माझ्या बाये," बाबली म्हणाला आणि तोंड फिरवून वल्हवत राहिला.

सड्यावर गवत वाळलेलं, वारा होता. राहेलच्या मातीवर अजून दगड बसवलेला नाही, नुसती जांभ्याची रांग आहे. मलकाने बन्याला तिथे उभा केला, सदऱ्याच्या गुंड्या लावल्या, केस नीट केले. बन्याने मातीकडे बघितलं, मग फोटोकडे. म्हणाला, "मी इलंय." मग माझ्याकडे बघून हळूच, "आई बोलणा नाय."

"ती ऐकता," मलका म्हणाली. मग मातीला म्हणाली, आपण घरात आईशी बोलतो तशा आवाजात, "हाडलंय गे. बघ. बघलंस? आता परत न्हेतंय त्येका."

आणि मग खाली बसून रडली. गुरासारखी रडली रे. बन्या तिच्या पाठीवर हात फिरवत राहिला. बाबली डोक्याचं फडकं हातात घेऊन लांब उभा होता. मी काडिश म्हटलं, मोठ्याने. दहा माणसं नव्हती. चौघं होतो, आणि खालची तीन.

परत येईपर्यंत दिवस बुडाला. मथुरा किनाऱ्यावर कंदील घेऊन उभी होती. आमचं गडग्यापाशी जे झालं होतं ते दोघांनीही काढलं नाही. तिने चुलीवर पेज ठेवली होती, आम्ही तिच्याकडेच जेवलो.

आता तुझं पत्र आलं की झालं.

दाऊदकाका

—

विजयदुर्ग,
ता. २२ फेब्रुवारी १९५९

शिमशोन,

दोन बोटी येऊन गेल्या, मग आणखी एक. तुझं काही नाही.

मुलं बरी आहेत, आणि या वेळी कालपर्यंत खरंच बरी होती. मलका आता रडते, भांडते, बन्याच्या पाठीत धपाटा घालते. फाडलेला गळा मी सैल टाक्यांनी टाचून दिला, शिवला नाही. तिने तपासून बघितला आणि घातला. दर रविवारी बाबली आम्हाला पलीकडे नेतो. मी समजत होतो की किनारा गाठला.

काल शनिवारी मी आडवा झालो नव्हतो. हल्ली होत नाही. ओटीवर बसलो होतो, तर मलका केळीच्या पानावर शिळा भात घेऊन गडग्याकडे गेली. पान ठेवलं, चार पावलं मागे आली आणि उकिडवी बसली.

मी विचारलं, "ह्यां कोणासाठी गो?"

"बाबासाठी."

"अगो, बाबा जितो आसा तुझो."

"तुमका कोणी सांगल्यान?"

 कोणी सांगितलंय मला?

"पत्र खंय आसा तेचा? ता कोटाच्या खिशात होता, ता मी वाचलंय. थंय आमचा नाव नाय. त्येच्यानंतर कायच नाय." मग मला समजावल्यासारखं म्हणाली, "आबा, मी नुसता बघतंय. शिवलो तर कळतला. मगे बन्याक घेवन बसाक व्हया ना जमनीर. तुमी माझो गळो फाडतलास, दुसऱ्या अंगाक."

"आणि नाय शिवलो तर?"

"तर तेचीय कायतरी इच्छा ऱ्हवली आसतली."

बन्या तिच्या शेजारी येऊन बसला. त्याने विचारलं, "बाबा खंय?" तिने या खेपेला सड्याकडे हात केला नाही. खाडीच्या तोंडाकडे केला, जिथून बोट येते आणि जिथे पलीकडचा काठ दिसत नाही.

तेवढ्यात माडावर कावळा आला.

शिमशोन, मथुरेला मी काय काय सुनावलं ते तुला लिहिलंच आहे. आपल्यात हे नाही, आपण हे मानत नाही. पण कावळ्याने पंख हलवले तसा मी उठलो, दारामागची काठी घेतली आणि गडग्यापाशी जाऊन उभा राहिलो. हाकलला. तो पुन्हा आला. पुन्हा हाकलला. मथुरा आपल्या अंगणातून बघत होती, हसली नाही, एक दगड उचलून तिनेही भिरकावला. उन्हं कलेपर्यंत मी उभा होतो. भात वाळला, मुंग्या लागल्या.  मलका कधी कावळ्याकडे बघत होती, कधी माझ्या पायांकडे, की आधी कोण दमतो.

शेवटी पान उचलून म्हणाली, "उद्या परत ठेवतंय."

तो उद्या म्हणजे आज. ती चुलीपाशी भात काढायला गेल्याचं मला इथून ऐकू येतंय. पत्र इथेच थांबवतो. काठी दाराशी ठेवली आहे, मला उठायला हवं.

तुझा
दाऊदकाका